खाली ठेवलेला चमचा

दुखवटा हॉटेलात काढायचा, असं आप्पांनी कळवलं आणि निपाणीहून लगेच फोन आला. बोलत होता नागेंद्रमामा, पण त्याच्या मागून मंगलमामीचाच आवाज जास्त येत होता. शेवटी फोन तिनेच घेतला.

"दाजी, हाटेलात दुखवटा कोण काढतंय? माणसं हासतील."

"हसू देत की. श्रावणापासून घरातच बसलोय. लता जिथं बसायची तिथं बसू आणि तिथंच गोड खाऊ."

"आनि आहेर?"

"आहेर घरी आणा. अंगाला लावू, मग निघू. रीत मोडत नाही मी, मंगल. जागा तेवढी बदलतोय."

शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासणाऱ्या त्यांच्या मुलीने, अबोलीने हे ऐकलं आणि मान वर केली नाही. आप्पांनी काय अंगाला लावायचं ते लावावं. मामीचा आहेर तिला ठाऊक होता. दर दिवाळीला निपाणीहून एक साडी यायची, रंग असा की दिवा लावायची गरज नाही, आणि दर दिवाळीला ती भांडी घासायला येणाऱ्या राजाबाईकडे जायची. मामीला हे ठाऊक नव्हतं. निदान अबोलीची तशी समजूत होती.

म्हणून त्या रविवारी संध्याकाळी मामीने देव्हाऱ्यापुढे तिच्या ओटीत वर्तमानपत्रात बांधलेला पुडा घातला तेव्हा अबोलीने त्याला कुंकू लावलं, मामीच्या पाया पडली आणि पुडा न सोडताच पलंगावर ठेवून दिला. अंगात तपकिरी खादीचा कुडता होता, तोच राहिला. आप्पांनी मात्र मामाने आणलेली पांढरी टोपी तिथल्या तिथे डोक्यावर चढवली. उभ्या जन्मात त्यांनी टोपी घातली नव्हती. राखी रंगाचा बंद गळ्याचा कोट, खिशात घडीचा रुमाल आणि वर ती निपाणीच्या बाजारातली टोपी. आरशासमोर उभं राहून त्यांनी ती किंचित डावीकडे कलती केली आणि ती जन्मभर त्यांचीच असल्यासारखी दिसायला लागली.

मामीने एकदा आप्पांच्या टोपीकडे बघितलं, एकदा अबोलीच्या कुडत्याकडे. मामी बोलली नाही म्हणजे तिला लागलं होतं.

कॅम्पातल्या त्या जुन्या हॉटेलात वेटर मष्णू दारातच भेटला. "बन्नी, साहेब," तो आधी कानडीत म्हणाला, मग मराठीत, "या, या. टोपीत वळकलोच न्हाय तुमास्नी." खिडकीजवळचं टेबल त्याने राखून ठेवलं होतं. सवयीने त्याने आप्पांच्या समोरच्या खुर्चीपुढे पहिलं ताट मांडलं, मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो ते उचलायला लागला.

"राहू दे मष्णू," आप्पा म्हणाले. "असू दे ताट."

मग कुणीच त्या खुर्चीत बसलं नाही. आप्पांच्या शेजारी अबोली, टेबलाच्या कडांना मामा आणि मामी. अबोलीच्या भावाला, आशुतोषला, बेंगळुरूच्या कंपनीने सोडलं नव्हतं. त्याची बायको निवेदिता सकाळी एकटीच आली होती आणि इथल्याच शहापुरात माहेरी उतरली होती. ती तिथूनच थेट यायची होती.

"सूनबाईला उशीर व्हायचाच," मामा म्हणाला. "शहापूरच्या बोळातनं रिक्षा भायेर पडंस्तोवर माणसाला दाढी येती."

सूप आलं. मामाने एक चमचा तोंडात घालून चमच्याकडे बघितलं. "ह्ये आमटीचं पानी हाय. आमटी मागनं येणार व्हय?"

"गप प्या," मामी म्हणाली. "चारचौघांत बसलाय."

चारचौघांत बसणं ही अबोलीच्या आईची, विद्युल्लताबाईंची, खास गोष्ट होती. महिन्यातून एकदा त्या आणि आप्पा इथे जेवायला यायचे. आई जेवायला येते की बघायला, हा प्रश्न अबोलीला लहानपणीच पडला होता. आईचं एक वाक्य ठरलेलं होतं. घरी जेवतो ते आपल्यासाठी, बाहेर जेवतो ते शेजारच्या टेबलासाठी. चार अनोळखी माणसं आपल्या समोर घास घेणार, तर त्यांच्या डोळ्यांपुढे काहीतरी नीटनेटकं असावं, एवढं आपण देणं लागतो. उंची कपड्यांचं तिला काही नव्हतं. धुवट सुती साडीचा पदर कुणी नेमका घेतला असेल, कुणा म्हाताऱ्याने जुन्या कोटाला नवी बटणं लावली असतील, कुणी गजरा अंबाड्याच्या बाजूला न माळता खाली माळला असेल, तर तेवढं तिला पुरायचं. असं कुणी दारातून आलं की तिचा हात थांबायचा आणि हातातला चमचा ती आवाज न करता ताटलीत ठेवायची. मग आप्पा मागे न वळता विचारायचे, "कोण आलं?" आणि निघताना त्या अनोळखी माणसांच्या टेबलाशी थांबून आई सांगायची, "तुम्हाला बघून आमचं जेवण चांगलं झालं."

शाळेत असताना अबोली एकदा त्या चमच्यासाठी इथे आली होती. निळ्या फ्रॉकच्या चुण्यांना तिने स्वतः इस्त्री केली होती, वेण्या दोनदा घातल्या होत्या, आणि सबंध जेवणभर पाठ ताठ ठेवून ती आईच्या उजव्या हाताकडे बघत होती. चमचा वर जात होता, खाली येत होता. मग खाली राहिला. अबोलीने श्वास धरला. आई तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. तिथे खादीच्या साध्या साडीतली एक तरुण शिक्षिका एकटीच इडली खात बसली होती.

त्यानंतर अबोलीने असे कपडे घालायला सुरुवात केली की कुणी काही अपेक्षाच करू नये. आई साडी पुढे करायची आणि ही म्हणायची, "मला नको. मला कुठं जायचंय?" त्याची दोघींना सवय होऊन गेली. शेवटच्या आजारात आईला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, भरवणं सगळं अबोलीने केलं, आणि आई तिच्या हातून भात खाता खाता तिच्या खांद्यावरून बघत म्हणायची, "त्या नर्सची ओढणी बघ, कशी पिन केलीय." मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात. अबोलीला राग आईचा येत नव्हता. तिला त्या नर्सचा यायचा.

"त्या कोपऱ्यात बघितलंस?" आप्पा हळूच म्हणाले.

कोपऱ्यातल्या टेबलाशी एक वयस्कर जोडपं होतं. बाईंची साडी मोतिया रंगाची, जांभळ्या काठाची, हातात एकेकच पाटली. गृहस्थांनी फिकट कोटाखाली स्वेटर घातला होता आणि त्या स्वेटरचा जांभळा बरोबर काठाचाच होता. रोटीचा तुकडा मोडण्याआधी ते बाह्या एवढ्याशा मागे सारत होते. बघताना अबोलीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

"लता असती तर," आप्पा म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून सूप प्यायला लागले.

ती पुन्हा सुपाकडे वळली तेव्हा पाठीमागे दार उघडलं आणि तिने मान वळवून बघितलं. कोणीतरी बाई आत आली. दाराच्या काचेमागे रस्त्यावरचा उजेड होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही. दिसली ती चाल, आणि गडद निळ्या, चिंतामणी रंगाची साडी, रुईफुलांचा तांबडा काठ, तांबडा पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून पुढे घेतलेला. जवळच्या टेबलावरचं बोलणं बंद पडलं. अबोलीला काहीतरी फार चांगलं दिसल्यासारखं वाटलं. नुसतं चांगलं, कुणाचं हे मनात येण्याआधीचं.

मग बाई जवळ आली आणि ती निवेदिता होती, आणि साडी आईची होती.

पण आईची साडी ती असूच शकत नव्हती. श्रावणातल्या त्या सकाळी कपाटातून ती काढून अबोलीने स्वतः आईच्या अंगावर नेसवली होती, निऱ्या आईला आवडायच्या तशा बारीक घालून. ती साडी आईबरोबर गेली होती.

अबोलीने खाली बघितलं. तिचा चमचा ताटलीत ठेवलेला होता. कधी ठेवला, तिला कळलं नव्हतं.

आप्पा उभे राहिले होते. आईसाठीच ते असे उभे राहायचे, एक हात कोटाच्या बटणावर. "ये," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा वेगळाच आला. "ये ग. इथं बस." त्यांनी समोरची, ताट मांडलेली खुर्ची दाखवली.

निवेदिता घुटमळली. "आप्पा, तिथं नको."

"बस की. ती रिकामी बघायला आलो नाही मी इथं."

ती बसली. कोपऱ्यातल्या मोतिया साडीवाल्या बाईंनीही मान वळवून बघितलं होतं. मामा म्हणाला, "लई झ्याक, सूनबाई. मला वाटलं आक्काच आली." आणि मग आपणच रुमाल काढून नाक पुसायला लागला.

"कुठं मिळाली?" अबोलीने विचारलं. आवाज तिने वर्गातल्यासारखा ठेवला होता. "अगदी तशीच."

"आईंनीच दिली, ताई. गेल्या वर्षी गणपतीला." निवेदिता पदर सावरत म्हणाली. "त्यांनी शहापुरात यल्लाप्पा विणकरांच्या मागावर सांगून घेतली होती ना स्वतःची. ते म्हणाले, एका लुगड्यासाठी उभ्या सुताचा ताणा कोण लावतंय बाई, लावला तर तीन तरी निघाली पाहिजेत. मग आईंनी तीन करायला सांगितली. एक त्यांची, एक माझी."

"आणि तिसरी?" आप्पांनी विचारलं.

"तिसरीचं मी विचारलं नाही." निवेदिता हसली, जुनं काहीतरी आठवून. "मला नेसायला लावली आणि आरशासमोर जाऊच दिलं नाही. म्हणाल्या, बाहेर जा आणि दारातून आत ये. त्या स्वयंपाकघरात आमटी ढवळत होत्या. मी आत आले आणि त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. बोलल्या काही नाहीत. मला वाटलं, चुकलं का काही?"

"चुकलं नव्हतं," आप्पा म्हणाले.

"ते नंतर ह्यांनी सांगितलं मला. पळीचा अर्थ."

अबोली त्या वेळी कॉलेजात असणार. कुठल्या तरी वर्गात, तपकिरी कुडत्यात. तिच्या डोळ्यांपुढे ती पळी आली, ओट्यावर ठेवलेली, आमटीचा थेंब टोकाशी धरून राहिलेला. मग दुसरं आठवलं. वैशाखात अंथरुणावर बसून आई कुठल्याशा साडीला फॉल लावत होती. बोटं कापत होती म्हणून तिने सुई पुढे केली होती. दोरा ओवून दे. अबोलीने ओवून दिला होता. कुणाची साडी, विचारलं तर, "आहे एकीची." गणपतीला नेसवून बघितलेली साडी मागाहून फॉलसाठी परत आली असणार, म्हणजे हिच्या साडीसाठी आपण दोरा ओवला. हे सूप सोडून उठून जावं, असं तिला वाटलं, आणि ती पाठ ताठ करून बसून राहिली. पाठ ताठ ठेवणं तिला लहानपणापासून जमत होतं.

"छान दिसते तुला," ती म्हणाली. "वहिनी, तुझा रंग उजळ आहे, तुझ्यावर काहीही खुलतं."

निवेदिताने तिच्याकडे बघितलं. त्या 'काहीही'ला काय म्हणायचं होतं ते तिला पोचलं होतं. "आईंनी दिली म्हणून नेसले, ताई. आज हीच नेसायची, असं मनात होतं. तुम्हाला नको असेल तर..."

"मला कशाला नको असेल?"

"आता बास," मंगलमामी म्हणाली.

तिने सुपाची वाटी बाजूला सारली. "हिची साडी बघायला डोळं हायती तुला. माझा पुडा सोडून बघायला नव्हतं, व्हय गं?"

"मामी, घाई झाली. उद्या नेसते."

"दुखवट्याचा आहेर उद्या नेसत न्हाईत. दाजींनी टोपी घातली का न्हाय? वकील माणूस, तरी घातली." मामीचा स्वर उतरला. "माझ्या साड्या तुला आवडत न्हाईत ते ठावं हाय मला. राजाबाई माझ्या मोरपिशीत बाजारात भेटलती मागं. मी काय बोलले का? पर ह्यो पुडा माझा न्हाय."

"मग कुणाचा?"

"उन्हाळ्यात ह्ये आक्कांस्नी बघाय आलते, तवा आक्कांनी ह्यांच्याकडं दिला. फोनवर मला म्हणाल्या, मंगल, अबोलीला मी काय बी दिलं तर नको म्हणती. तुझ्या हातनं जाऊ दे. दुखवट्याच्या आहेराला कुणी नको म्हणत न्हाय." मामीने पदराने तोंड पुसलं. "मी लई बोलले त्यांस्नी, असलं अभद्र बोलू नगा म्हणून. तर म्हणाल्या, अभद्र काय, सोईचं बोलतीया."

मष्णू रोट्यांची टोपली घेऊन आला, सगळ्यांच्या तोंडाकडे बघून तसाच मागे फिरला.

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?" अबोलीने विचारलं.

"सांगू नको म्हणाल्या. उघडून बघंल म्हणाल्या." मामी मामाकडे वळली. "बघितलं का? आक्कांचा बी एक अंदाज चुकला."

आप्पांनी टोपी सारखी केली. अबोलीकडे न बघता ते मष्णूला म्हणाले, "मष्णू, वाढायचं जरा थांबव. आम्हाला घाई नाही."

टिळकवाडीतलं घर तिथून जवळ. अबोलीला बाहेर पडताच रिक्षा मिळाली. घरी दिवा लावून तिने पलंगावरचा पुडा सोडला. वर्तमानपत्राच्या आत मलमलीचा तुकडा होता आणि त्याच्या आत चिंतामणी रंग. तिने आधी साडी उलटी केली आणि फॉल बघितला. सुरुवातीचे टाके बारीक, सरळ होते. मध्यापासून ते मोठे होत गेले होते आणि शेवटी वाट चुकल्यासारखे वरखाली. त्या टाक्यांचा दोरा तिने ओवला होता.

ती रडली नाही. तिला अजूनही निवेदिताचा हेवाच वाटत होता, आणि आता तर तो जास्त खरा होता. साडी दोघींना मिळाली होती. पळी मात्र एकीसाठीच खाली ठेवली गेली होती. दारातून आत येताना अबोलीला बघायला आता कुणी उरलं नव्हतं.

ट्रंकेतलं काळं पोलकं तिला झालं. निऱ्या तिने बारीक घातल्या. आईला शेवटची साडी नेसवली तेव्हापासून बोटांना ते माप राहिलं होतं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. आरशासमोर गेली नाही.

हॉटेलचं दार तिने उघडलं तेव्हा तिला टेबलांमधून चालताना हातांचं काय करायचं हे कळेना. मग तिने ते नुसते सोडून दिले. कोपऱ्यातल्या मोतिया साडीवाल्या बाई रोटी मोडता मोडता थांबल्या. एका टेबलावरचं बोलणं बंद पडलं. आप्पांची दाराकडे पाठ होती. त्यांनी वळून बघितलं नाही. नुसतंच विचारलं, "कोण आलं?"

त्यांच्या समोर निवेदिता होती. ती एकटक बघत होती. तिच्या हातातला चमचा खाली येत येत ताटलीला टेकला आणि तिथेच राहिला, आवाज न करता.

अबोली टेबलाशी पोचली. निवेदिताचा चेहरा हसरा नव्हता. त्यावर जे होतं ते अबोलीने आजवर फक्त आतून ओळखलं होतं, दुसऱ्या कुणाच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं.

"हे काही बरोबर नाही हं, ताई," निवेदिता हळू म्हणाली. "मी माहेरी तीनदा सोडून नेसले. आरशासमोर तास घातला. आणि तुम्ही नुसत्या गेलात आणि आलात." ती थांबली. "चालताही त्यांच्यासारख्या. ते काही माझ्याकडे यायचं नाही."

अबोलीला ते ऐकून फार बरं वाटलं. इतकं, की ते पुन्हा एकदा ऐकावं, असं वाटलं.

"आता कसं," मामी म्हणाली. "दोघी एका ताण्याच्या."

निवेदिता खुर्चीवरून उठली. "या. ही तुमची जागा."

आप्पा दोघींकडे बघत होते, टोपी काढून मांडीवर घेतलेली. मष्णू गोड कुंद्याच्या वाट्या घेऊन उभा होता, आधी कुणापुढे ठेवायच्या ते न कळून. अबोलीने आईच्या ताटाकडे बघितलं, मग निवेदिताच्या खांद्यावरच्या तांबड्या पदराकडे. तो एका बाजूने घसरला होता. तिने तो उचलून नीट बसवला.

"तू तिथंच बस," ती म्हणाली. "मी माझ्या जागी बसते. तिथून तू मला दिसशील."

ती आप्पांच्या शेजारी बसली. गार झालेल्या सुपाच्या ताटलीतला चमचा तिने उचलला, समोर बघितलं आणि परत खाली ठेवला.